गॅरेजचे दार हलेनासे झाले तर : अमेरिकेत नव्याने घर घेतलेल्यांसाठी ओपनर दुरुस्तीची माहिती

मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या एका उपनगरात, आम्ही पहिले घर घेतले तेव्हा छप्पर किती वर्षांचे आहे, फर्नेस कधी बदलली, तळघरात पाणी येते का, हे सगळे आम्ही विचारले होते. गॅरेजच्या दाराविषयी मात्र एकही प्रश्न आमच्या मनात आला नाही, कारण आपल्याकडे घराला फाटक असते आणि दुकानाला शटर असते. सोळा फूट रुंदीचे दार डोक्यावरून सरकत छताला समांतर जाऊन बसते, हा प्रकार इथे येईपर्यंत आपल्या रोजच्या वापरात नसतो. उपनगरातल्या घरात मात्र तेच खरे मुख्य दार होऊन जाते. सकाळी कामावर जाताना, मुलांना शाळेत सोडताना, संध्याकाळी वाणसामान घेऊन परतताना सगळे त्याच दारातून ये-जा करतात आणि ते अडले की गाडी आत अडकते.

पहिल्याच हिवाळ्यात आमच्या ओपनरचे, म्हणजे दार उघडणाऱ्या-लावणाऱ्या छतावरच्या यंत्राचे, गिअर झिजून गेले. मी ते स्वतः बदलले आणि काम फत्ते झाले असे समजून स्वस्थ बसलो. पुढच्या हिवाळ्यात नवे गिअरही तसेच झिजले. त्या वेळी आलेल्या वयस्कर तंत्रज्ञाने ओपनरला हातही न लावता आधी दार ओपनरपासून सुटे करणारी लाल दोरी ओढली, दार हाताने अर्धे उचलले आणि हळूच सोडले, तर ते धप्पकन खाली आले. दोष दाराच्या स्प्रिंगमध्ये होता आणि मी वर्षभर त्याची शिक्षा ओपनरला देत होतो. ओपनर उघडण्यापूर्वी दार तपासा, ही एक गोष्ट तेव्हा कोणी सांगितली असती तर माझे दोन शनिवार आणि गिअरच्या दोन जोड्यांचे पैसे वाचले असते. म्हणून पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत आणि तो क्रम तुम्ही मोडू नये, अशी विनंती आहे.

१. दार कोण उचलते, हे आधी समजून घ्या

दुकानाचे शटर माणूस एका हाताने वर ढकलू शकतो, कारण वरच्या नळीत बसवलेल्या स्प्रिंगा त्याचे वजन तोलून धरतात. गॅरेजच्या दाराचेही तत्त्व तेच आहे. दोन गाड्यांचे, इन्सुलेशन असलेले पोलादी दार सत्तर किलोच्या पुढे सहज जाते. ते वजन दाराच्या वरच्या बाजूला आडव्या दांड्यावर गुंडाळलेल्या जाड स्प्रिंगा आणि दोन्ही टोकांच्या पुलींवरून खाली उतरणाऱ्या केबली मिळून पेलतात. काही जुन्या किंवा लहान दारांना दांड्यावरच्या स्प्रिंगांऐवजी दोन्ही बाजूंच्या आडव्या रुळांलगत ताणलेल्या लांब स्प्रिंगा असतात.

छताला टांगलेला ओपनर तोललेल्या दाराला फक्त पुढे-मागे सरकवतो. मोटर फिरली की साखळी किंवा पट्टा फिरतो, त्याला जोडलेली ट्रॉली लांब पट्टीवरून सरकते आणि एका वाकड्या दांडीने दाराला ओढते किंवा ढकलते. स्प्रिंग थकली की उरलेले वजन ओपनरवर येते. ओपनर ते काही महिने निमूट ओढतो आणि मग त्याच्यातला सर्वांत नाजूक भाग, म्हणजे प्लास्टिकचे गिअर, झिजून जाते.

२. हाताशी काय असावे

साधने फार लागत नाहीत, पण शिडी चांगली हवी. खुर्चीवर किंवा गाडीच्या बॉनेटवर चढून हे काम करू नये.

– आठ फुटी घोडा शिडी
– सात षोडशांश इंच आणि अर्धा इंच मापाचे पाने, सॉकेटचा लहान संच, स्क्रूड्रायव्हर
– साधा मल्टिमीटर आणि डोक्याला लावायचा टॉर्च
– पांढरे लिथियम ग्रीस, सिलिकॉन स्प्रे, कोरडे फडके
– खुणा करण्यासाठी जाड मार्कर
– दीड इंच जाडीचा लाकडाचा तुकडा (टू-बाय-फोर मापाचा लाकडी तुकडा आडवा ठेवला की हीच जाडी मिळते)

कागदपत्रांमध्ये ओपनरच्या मागच्या किंवा बाजूच्या लेबलचा फोटो सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण सुटे भाग त्यावरच्या मॉडेल क्रमांकावरूनच मिळतात. त्या क्रमांकाची पुस्तिका बहुतेक वेळा कंपनीच्या संकेतस्थळावर असते. घर घेताना होम वॉरंटी मिळाली असेल तर तिच्यात ओपनर आणि स्प्रिंग यांचा वेगवेगळा उल्लेख आहे का, ते पाहा. ओपनरचा समावेश आहे आणि स्प्रिंगचा नाही, असे आढळू शकते. टाउनहाउसमध्ये राहत असाल तर दाराची जबाबदारी असोसिएशनची की तुमची, हे नियमावलीत वाचूनच पुढे जा.

३. लाल दोरीची चाचणी

सर्वप्रथम दार पूर्ण बंद असताना वरच्या दांड्यावरची स्प्रिंग टॉर्चने नीट पाहा. वेटोळी एकमेकांना चिकटून असायला हवीत. मध्येच एक-दोन इंचांची फट दिसत असेल तर स्प्रिंग तुटली आहे, असे समजा. ती तुटताना सुतळी बॉम्बसारखा मोठा आवाज होतो, आणि रात्री गॅरेजमध्ये काहीतरी पडले असे वाटून पुष्कळदा आपण तो विसरूनही जातो. स्प्रिंग तुटलेली असेल किंवा केबल पुलीवरून सुटून लोंबत असेल तर इथेच थांबा, ओपनरचे बटण दाबू नका आणि थेट आठव्या पायरीकडे जा.

स्प्रिंग अखंड दिसत असेल तर दार बंदच ठेवून ट्रॉलीला लोंबणारी लाल मुठीची दोरी ओढा, म्हणजे दार ओपनरपासून सुटे होईल. आता दोन्ही हातांनी ते उचला. चांगले तोललेले दार सहज वर येते आणि कंबरेच्या उंचीवर हळूच सोडले तर तिथेच थांबते, फार तर किंचित सरकते. ते खाली पडू लागले तर स्प्रिंग थकली आहे आणि आपोआप वर जाऊ लागले तर ती गरजेपेक्षा जास्त पिळलेली आहे. या दोन्ही वेळी दुरुस्ती दाराची करायची असते. उचलताना एका ठरावीक उंचीवर अडखळत असेल तर त्या ठिकाणचा रोलर, बिजागरी किंवा वाकलेला रूळ पाहा.

एक सावधगिरी इथे ठळकपणे सांगायला हवी. दार उघडे असताना, विशेषतः स्प्रिंगविषयी शंका असताना, लाल दोरी कधीही ओढू नका. त्या क्षणी दाराला फक्त ओपनरने धरून ठेवलेले असू शकते आणि दोरी ओढताच ते सगळे वजन खाली कोसळते. दार उघड्या स्थितीत अडकले असेल तर खालून मुले, गाडी आणि सामान बाजूला करा आणि तंत्रज्ञ येईपर्यंत ते तसेच राहू द्या.

दार हाताने व्यवस्थित चालत असेल, तरच दोष ओपनरमध्ये आहे असे मानून पुढे जा.

४. वीज, कुलूप आणि रिमोट

ओपनर पूर्ण मुका असेल तर छतावरच्या सॉकेटमध्ये दुसरे एखादे उपकरण लावून वीज येते का, ते पाहा. वीज येत नसेल आणि ब्रेकर ठीक असेल तर जीएफसीआय, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या, सॉकेटचे रीसेट बटण शोधा. ते छताजवळ असेलच असे नाही. आमच्या घरात ते गॅरेजच्या कोपऱ्यात, जुन्या फ्रीझरच्या मागे होते. बॅटरी असलेला ओपनर ठरावीक अंतराने टुक-टुक आवाज करू लागला तर ती बॅटरी बदलायची वेळ झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून विकल्या व बसवल्या जाणाऱ्या निवासी ओपनरांना अशी बॅटरी कायद्याने सक्तीची आहे, कारण २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्यावर काही लोकांना गॅरेजचे दार उघडता आले नव्हते.

भिंतीवरच्या बटणाने दार चालते आणि रिमोटने चालत नाही, अशी तक्रार असेल तर पहिला संशय भिंतीवरच्या पॅनेलमधल्या लॉक बटणावर घ्या. ते चुकून काही सेकंद दाबले गेले की सगळे रिमोट बंद होतात आणि पॅनेलचा छोटा दिवा लुकलुकत राहतो. लहान मुले असलेल्या घरात हे वारंवार घडते. त्यानंतर रिमोटची बॅटरी बदला. बऱ्याच नव्या रिमोटमध्ये ती सीआर २०३२ असते. तरीही रिमोट फक्त अगदी जवळूनच चालत असेल तर ओपनरमधला एलईडी बल्ब काढून पाहा. काही स्वस्त एलईडी बल्ब रिमोटच्या रेडिओलहरींत अडथळा आणतात. बल्ब काढताच रिमोट चालू लागला तर गॅरेज ओपनरसाठी म्हणून विकला जाणारा बल्ब आणा.

उलट रिमोट चालतो आणि भिंतीवरचे बटण चालत नाही, असे असेल तर दोष बटणात किंवा त्याच्या बारीक तारेत असतो.

जुने घर घेतले असेल तर एक काम पहिल्याच आठवड्यात करा. आधीच्या मालकाचे रिमोट कुठे कुठे गेले असतील, हे तुम्हाला माहीत नसते. चेंबरलेन किंवा लिफ्टमास्टरच्या ओपनरवर लर्न नावाचे रंगीत बटण असते. ते सुमारे सहा सेकंद, शेजारचा दिवा विझेपर्यंत, दाबून धरले की आधीचे सगळे रिमोट आणि बाहेरच्या कीपॅडचा आकडा पुसला जातो. मग आपले रिमोट, कीपॅड आणि गाडीतले बटण पुन्हा जोडून घ्या.

५. दार खाली येते आणि परत वर जाते

ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार आहे आणि तिचे मूळ बहुधा दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवलेल्या सेन्सरांत असते. एक सेन्सर अदृश्य किरण पाठवतो, दुसरा तो घेतो, आणि मध्ये काही आले की बंद होणारे दार परत वर जाते. वर सांगितलेल्या कंपन्यांच्या ओपनरांत अशा वेळी ओपनरचा मोठा दिवा दहा वेळा लुकलुकतो.

दोष सेन्सरचाच आहे का, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. दार पूर्ण दिसेल असे उभे राहून भिंतीवरचे बटण दार टेकेपर्यंत दाबून धरा. तसे केल्यावर दार बंद होत असेल तर सेन्सर किंवा त्याची तार तपासायची आहे. ही युक्ती निदानापुरतीच ठेवा. रोज बटण दाबून धरून दार लावण्याची सवय म्हणजे सुरक्षेचा डोळा झाकून दार लावणे होय.

आता गुडघ्यावर बसून सेन्सरांचे छोटे दिवे पाहा. या कंपन्यांच्या ओपनरांत पाठवणाऱ्याचा दिवा पिवळा आणि घेणाऱ्याचा हिरवा असतो, आणि दोन्ही स्थिर जळायला हवेत. हिरवा विझलेला किंवा थरथरणारा असेल तर आधी दोन्ही काचा मऊ फडक्याने पुसा, कारण कोळ्याचे एक जाळेसुद्धा पुरेसे होते. मग हिरव्या सेन्सरचा पंखाच्या आकाराचा नट थोडा सैल करून, सेन्सर केसभर वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवत दिवा स्थिर होईल तिथे नट हाताने आवळा. घाई केली की आवळतानाच तो पुन्हा हलतो, म्हणून एका हाताने सेन्सर धरून ठेवा. दोन्ही दिवे विझलेले असतील तर तारेत दोष असण्याची शक्यता आहे. तार भिंतीवर ठोकताना एखादा स्टेपल तिच्या आवरणात घुसलेला असतो, त्यामुळे स्टेपलच्या जागा एकेक करून पाहा.

आमच्या दाराचे एक दुखणे मात्र यांपैकी कशातच बसत नव्हते. ऑक्टोबरात संध्याकाळी सहाच्या सुमारास दार लागत नसे आणि अंधार पडला की निमूट लागे. दार पश्चिमेला आहे. त्या दिवसांत मावळतीचा सूर्य नैऋत्येकडे झुकलेला असतो आणि उत्तरेच्या चौकटीवर बसवलेल्या, दक्षिणेकडे तोंड केलेल्या हिरव्या सेन्सरच्या काचेवर ऊन तिरपे पडत होते. त्या उजेडात त्याला समोरचा किरण ओळखूच येत नव्हता. दोन्ही सेन्सरांची अदलाबदल करून घेणारा सेन्सर दक्षिणेच्या चौकटीवर नेला, आणि त्रास संपला. अदलाबदल शक्य नसेल तर काचेभोवती पुठ्ठ्याची दोन-तीन इंचांची नळी लावली तरी काम भागते.

सेन्सर ठीक असूनही दार जमिनीला टेकून परत वर जात असेल तर खालची मर्यादा, म्हणजे दार कुठवर खाली यावे याची खूण, गरजेपेक्षा जास्त ठेवलेली असते, किंवा उंबऱ्याशी बर्फ गोठलेला असतो. मर्यादा जुन्या ओपनरांत स्क्रूने आणि नव्यांत बटणांनी ठरवतात. एका वेळी थोडाच बदल करून दार चालवून पाहा. ओपनर किती जोर लावेल हे ठरवणारा बळाचा स्क्रू मात्र सहज पिळू नका. दार जड झाले म्हणून बळ वाढवणे हा सर्वांत धोक्याचा उपाय आहे, कारण मग कोणी खाली सापडले तरी ओपनर दार दाबत राहतो.

६. मोटर फिरते, दार हलत नाही

आधी ट्रॉली पाहा. कोणीतरी लाल दोरी ओढून ठेवली असेल तर ट्रॉली रिकामीच पुढे-मागे जाते. ती पुन्हा कशी जोडायची, याचा बाण किंवा चित्र बहुधा दोरीच्या मुठीवर किंवा ट्रॉलीवर असते.

मोटरचा आवाज येतो आणि साखळी जागची हलत नाही, असे असेल तर गिअर गेले असण्याची शक्यता दाट आहे. आमच्या गाडीच्या बॉनेटवर, मोटरच्या बरोबर खाली, पांढरा भुगा पडला होता. मी तो दोन दिवस भिंतीचा चुना समजून पुसत राहिलो. चिमटीत धरला तेव्हा तो किसलेल्या मेणासारखा चिकट लागला, आणि झाकण उघडल्यावर कळले की ते गिअरचे दाते होते. पांढऱ्या चाकाच्या काठाची रुंदी वर-खाली शाबूत होती, पण मध्ये, जिथे मोटरचा पोलादी मळसूत्री दांडा त्याला घासतो, तिथे गुळगुळीत खोबण पडली होती.

गिअर बदलायचे असेल तर दार बंद करा, लाल दोरी ओढा, ओपनरची पिन सॉकेटमधून काढा आणि मगच झाकण उघडा. प्रत्येक तार सुटी करण्यापूर्वी फोटो घ्या. साखळी सैल करून वरच्या दातेरी चाकावरून उतरवण्यापूर्वी साखळीवर आणि पट्टीवर मार्करने खूण करा. गिअर, त्याचा दांडा आणि वरचे चाक असा एकत्र संच मिळतो. निव्वळ पांढरे चाक स्वस्त पडते, पण ते दांड्यावरून काढताना आतली पिन ठोकून काढावी लागते, म्हणून नवख्या माणसाने संचच घ्यावा. मोटरच्या दांड्यावरचे मळसूत्री गिअरही तपासा. ते झिजलेले असेल तर नव्या चाकाचेही दाते लवकरच जातात. जुना भुगा पूर्ण पुसून संचासोबत आलेले ग्रीस लावा. साखळी पुन्हा ताणताना हात आवरता घ्या. ती पट्टीच्या मधोमध, तळापासून साधारण अर्धा इंच वर राहील एवढाच ताण पुरे. शेवटी दोन्ही मर्यादा पुन्हा लावून घ्या. पहिल्यांदा करणाऱ्याला यात अख्खी दुपार जाते.

मोटर फक्त घूं घूं करते आणि फिरतच नाही, असे असेल तर कपॅसिटर गेलेला असू शकतो. वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार साठून राहतो, त्यामुळे तो सुरक्षितपणे रिकामा कसा करायचा हे माहीत नसेल तर त्याला हात लावू नका.

७. वंगण

वर्षातून दोनदा, थंडीपूर्वी आणि थंडीनंतर, बिजागऱ्या, रोलरांचे बेअरिंग आणि स्प्रिंगांची वेटोळी यांवर हलके वंगण मारा. रूळ फक्त पुसा. त्यांत ग्रीस भरले की धूळ चिकटून रोलर अडतात. पट्ट्याच्या ओपनरच्या पट्ट्याला काहीही लावायचे नसते. दाराच्या खालच्या रबराला सिलिकॉन स्प्रे मारला तर बर्फात ते जमिनीला चिकटत नाही. चिकटलेच, तर बटण पुन्हा पुन्हा न दाबता रबराच्या कडेने बर्फ सोडवा. आणि दार अडकलेले असताना गाडी गरम करून ठेवू म्हणून इंजिन सुरू करू नका. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत जीवघेणा होतो आणि त्याला वास नसतो.

८. जे स्वतः करायचे नाही

स्प्रिंग, केबली, त्यांच्या पुली आणि केबल जिथे दाराला अडकवलेली असते तो तळाचा कंस, या चार गोष्टींना पाना लावू नका. त्या सतत ताणाखाली असतात आणि स्प्रिंग पिळताना हातातून सुटलेला दांडा हाताचे हाड मोडू शकतो. सर्वसाधारण स्प्रिंग सुमारे १०,००० उघड-बंदीसाठी बनवलेली असते. दिवसाला चार वेळा दार वापरले तर सात वर्षांच्या आसपास ती संपते, म्हणून जुन्या घरात हा खर्च धरूनच चालावे. दोन स्प्रिंगांपैकी एक तुटली असेल तर दोन्ही बदलून घ्या, कारण दुसरीचेही वय तेवढेच झालेले असते.

तंत्रज्ञ बोलावताना दाराची रुंदी-उंची आणि स्प्रिंगांची संख्या आधीच सांगून, भाग आणि मजुरी मिळून किती होतील ते लेखी मागा. फोनवर अगदी थोडी रक्कम सांगून घरी आल्यावर ‘सगळेच बदलावे लागेल’ म्हणणारे लोक भेटतात. दारावर आधीच्या कारागिराचा स्टिकर असेल तर त्या नंबरावर विसंबून न राहता दोन ठिकाणी विचारणा करा. काम झाल्यावर त्यांच्यादेखत तिसऱ्या पायरीतली चाचणी करून दाखवायला सांगा. चांगला माणूस ती न सांगताच करतो.

९. दुरुस्तीनंतरच्या दोन चाचण्या

अमेरिकेत १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या निवासी ओपनरांना अडकलेल्या माणसाच्या संरक्षणाची सोय असणे बंधनकारक आहे. ती सोय चालते की नाही, हे दर महिन्याला पाहावे. दार उघडे असताना उंबऱ्यावर मधोमध दीड इंची लाकूड आडवे ठेवा आणि दार बंद करा. लाकडाला टेकल्यावर दोन सेकंदांच्या आत ते उलटे वर जायला हवे. मग लाकूड काढून दार बंद होत असताना सेन्सरांसमोर झाडू धरा. तेव्हाही ते वर जायला हवे. यांपैकी एक जरी चाचणी फसली तर ओपनरची पिन काढून ठेवा आणि दुरुस्ती होईपर्यंत दार हाताने चालवा. १९९३ पूर्वीचा, सेन्सर नसलेला ओपनर अजून टांगलेला असेल तर त्याच्या दुरुस्तीवर खर्च न करता तो बदलाच.

भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी गॅरेजमध्ये नेऊन दार बंद असताना लाल दोरी एकदा त्यांच्या हाताने ओढायला लावा. आपण कामावर असताना वीज गेली तर त्यांना बाहेर पडता आले पाहिजे. आणि नातवंडे बटण दाबून खालून पळण्याचा खेळ खेळत असतील तर तो त्याच दिवशी बंद करा. भिंतीवरचे बटण जमिनीपासून किमान पाच फूट उंचीवर असावे ते यासाठीच. आमच्याकडे ते चार फुटांवर होते. वर सरकवायला मला वीस मिनिटे आणि दोन स्क्रू लागले.